दोन वाफे, दोन पाने

परभणी जिल्ह्यातील एका बचत गटाने ज्वारीचा रवा विकण्यासाठी छोटे संकेतस्थळ काढले आहे, असे समजू. गट व्हॉट्सॲपवर जाहिरात पाठवतो. तिच्यातील दुव्यावर बोट टेकवले की ग्राहक ज्या पानावर पोचतो, त्याला लँडिंग पेज म्हणतात. या पानाचे काम एकच असते. जाहिरातीत जे सांगितले तेच इथे दिसावे. किंमत, पोचवण्याचा खर्च आणि मागणी नोंदवण्याचे बटण सहज सापडावे. जाहिरात रव्याची आणि पानावर गटाच्या वार्षिक सभेचे छायाचित्र, असे असेल तर ग्राहक आल्या पावली परत जातो.

आता गटाने दोन पाने केली. ‘अ’ पानावर आधी किंमत आहे, ‘ब’ पानावर आधी उपम्याची कृती. प्रत्येक पान २०० जणांनी पाहिले. ‘अ’वरून ८ मागण्या आल्या, ‘ब’वरून १३. मग प्रसिद्धीसाठी बाजूला ठेवलेले सगळे पैसे ‘ब’वर लावावेत का?

उत्तर देण्यापूर्वी वर्गात एक प्रयोग करून पाहा. ४० विद्यार्थ्यांपैकी प्रत्येकाने नाणे २१ वेळा उडवावे आणि छापा-काटा मोजावा. नाण्याला कोणतीही बाजू लाडकी नसते. तरीही १३ विरुद्ध ८ किंवा त्याहून मोठी तफावत साधारण १५ जणांच्या वहीत दिसेल. गणिताने ही शक्यता शंभरात सुमारे ३८ येते. म्हणजे दोन्ही पाने अगदी सारखी असली तरी गटाला असेच आकडे सहज मिळाले असते!

हा पेच शेतीला जुनाच आहे. परभणीचे कृषी विद्यापीठ १९७२ साली स्थापन झाले. ‘परभणी क्रांती’ ही भेंडी आणि २०१८ साली आलेली, लोह व जस्त अधिक असलेली ‘परभणी शक्ती’ ज्वारी ही तिथलीच. नवा वाण जुन्यापेक्षा सरस आहे हे ठरवायचे कसे? दोन्ही वाण शेताच्या दोन टोकांना पेरून भागत नाही, कारण एका टोकाला काळी माती खोल असते, दुसऱ्या टोकाला उथळ. इंग्लंडमधील रोथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्रात १९१९ साली रुजू झालेल्या रोनाल्ड फिशर यांनी यावर तोड काढली: वाफे अनेक करा आणि कोणत्या वाफ्यात कोणता वाण हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. पानसे आणि सुखात्मे या जोडीने १९५४ साली भारतीय शेतीसंशोधकांसाठी लिहिलेला संख्याशास्त्राचा ग्रंथ याच पद्धतीची शिकवण देतो.

लँडिंग पेजला हाच नियम लागू पडतो. ‘अ’ पान नातेवाइकांच्या गटात आणि ‘ब’ शिक्षकांच्या गटात पाठवले, किंवा एक महिनाअखेरीस आणि दुसरे पगाराच्या आठवड्यात, तर आपण पानांची नव्हे, मातीची तुलना करत असतो. येणाऱ्या प्रत्येकाला कोणते पान दाखवायचे हे संगणकाने चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवावे.

फरक खरा की योगायोगाचा, यासाठी एक ढोबळ कसोटी आहे. दोन्ही पाने सारख्याच लोकांनी पाहिली असतील आणि त्यातले थोडेच मागणी नोंदवत असतील, तर मागण्यांतील फरक हा एकूण मागण्यांच्या वर्गमुळाच्या दुपटीहून जास्त हवा. आपल्या उदाहरणात फरक ५. २१ चे वर्गमूळ सुमारे ४.६, दुप्पट ९.२. कसोटी उतरली नाही. हेच प्रमाण दोन-दोन हजार लोकांत दिसले, म्हणजे ८० विरुद्ध १३०, तर फरक ५० आणि दुप्पट वर्गमूळ २९. आता ‘ब’वर पैसे लावायला हरकत नाही. मात्र किती लोकांनंतर थांबायचे हे आधीच ठरवावे. रोज आकडे पाहायचे आणि आवडते पान पुढे गेले की मोजणी बंद करायची, ही पळवाट झाली.

छोट्या गटाला दोन हजार माणसे कुठून मिळणार, ही अडचण खरी आहे. आमच्या मते त्यांनी बटणाच्या रंगासारख्या बारीक गोष्टी तपासूच नयेत. पोचवण्याचा खर्च किमतीतच धरला तर काय होते, अशा मोठ्या फरकाची परीक्षा घ्यावी; मोठा फरक थोड्या लोकांतही उमटतो.

प्रसिद्धीचे पैसे कुठे फळतात हेही मोजता येते. अमेरिकेतील जाहिरातकार क्लॉड हॉपकिन्स यांनी १९२३ साली छापलेल्या पुस्तकात याची रीत आहे: प्रत्येक जाहिरातीच्या कुपनावर वेगळी खूण, म्हणजे कोणत्या जाहिरातीने गिऱ्हाईक आणले ते कळते. आज पाकिटावरचा क्यूआर कोड, व्हॉट्सॲप संदेश आणि बाजारात वाटलेले पत्रक यांना वेगवेगळे दुवे दिले की तेच साधते.

‘फक्त २ पाकिटे शिल्लक’ अशी खोटी घाई लावणारे पान या परीक्षेत बहुधा जिंकेल. भारतात २०२३ च्या ग्राहक संरक्षण मार्गदर्शक सूचनांनी अशा १३ फसव्या युक्त्यांना मनाई केली आहे, आणि खोटी घाई त्यांतलीच एक. शिवाय पहिली मागणी म्हणजे सगळे पीक नव्हे. परत आलेली पाकिटे आणि दुसऱ्यांदा मागवणारे ग्राहक यांचे रकानेही वहीत पहिल्या दिवसापासून आखावेत.