ब्रो, अण्णा आणि भाईजान

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी कुरिअरवाला दारात आला. आमच्या धाकट्याने पाकीट घेतले आणि म्हणाला, "थँक्यू, ब्रो." थोड्या वेळाने क्रिकेट खेळायला मित्र बोलवायला आला, तोही ब्रो. एवढ्यात मोठ्या बहिणीने टीव्हीचा रिमोट उचलला, तर तिलाही, "ब्रो, काय करतेस!" आपाला ब्रो म्हटल्यावर घरात हशा पिकला. माझी अम्मी मात्र तसबीह बाजूला ठेवून गंभीरपणे विचारती झाली, "ये बिरो कौन है रे? दिनभर उसीकोच बुलाता!"

प्रश्न विनोदी होता, पण त्याचे उत्तर शोधताना बरेच काही हाती लागले.

'ब्रो' म्हणजे 'ब्रदर'चे छोटे रूप. इंग्रजीत पूर्वीपासून लिहिताना 'ब्रदर' हे 'ब्रो' असे थोडक्यात लिहीत. पण बोलण्यातला आजचा 'ब्रो' बराचसा अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय समाजाकडून आला आहे. त्या देशात पांढऱ्या केसांच्या काळ्या माणसालाही गोरे लोक 'बॉय', म्हणजे पोरगा, अशी हाक मारत. तोच माणूस आपल्या लोकांत गेला की 'ब्रदर' होई. माल्कम एक्स यांनाही त्यांचे सोबती 'ब्रदर माल्कम' म्हणत. ज्याला बाहेर मान नव्हता, त्याला आपल्यांत मान देणारी ही हाक होती. आज ती अगदी सवंग झाली असली तरी तिचे मूळ असे आहे.

या शब्दाला भावंडेही खूप. लंडनची पोरे 'ब्रुव' म्हणतात, अमेरिकेत 'ब्रुह' आणि 'डूड' चालते, ऑस्ट्रेलियात 'मेट'. 'पॅल' या शब्दाची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. तो इंग्रजीत सतराव्या शतकात आला, रोमानी लोकांच्या भाषेतून. या लोकांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून पश्चिमेकडे गेले. त्यांच्या भाषेत भावाला 'फ्राल' किंवा 'फाल' म्हणतात, आणि तो शब्द संस्कृत 'भ्राता'च्याच घरातला आहे. इंग्रज ज्याला आपला खास बोलीतला शब्द समजतो, तो आपल्या भावाचाच निघाला!

'ब्रदर' तरी परका कुठे आहे? संस्कृत भ्राता, फारसी बिरादर, मराठी भाऊ, उर्दू भाई आणि इंग्रजी ब्रदर ही सगळी एकाच मुळाची पाने आहेत. आपण रोज 'बिरादरी' म्हणतो, तो शब्द याच 'बिरादर'पासून झाला. अम्मीने नकळत 'बिरो' म्हटले, ते काही फार चुकले नव्हते.

मग ब्रो म्हणायला हरकत काय? हरकत शब्दाला नाही. पण एकच शब्द सगळीकडे वापरला की काय हरवते, ते सोलापूरकराला लवकर कळावे. आपल्या एका गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी नांदतात. कन्नड आणि तेलुगू घरांत मोठा भाऊ 'अण्णा' किंवा 'अन्ना'. धाकटा कन्नडमध्ये 'तम्मा', तेलुगूत 'तम्मुडु'. मराठी शेजाऱ्याचा 'दादा' त्याचा मोठा भाऊ असतो, आमचे 'दादा' अब्बांचे वडील. शेजारच्या कन्नड घरातला मुलगा वडिलांना 'अप्पा' म्हणतो, आमच्याकडे 'आपा' म्हणजे मोठी बहीण. लहानपणी यावरून किती गमती व्हायच्या! पण हाक ऐकली की कळायचे, कोण मोठा, कोण धाकटा, कोणापुढे आवाज खाली ठेवायचा, कोणाचे लाड करायचे. 'ब्रो'मध्ये यातले काहीच कळत नाही. त्यात मोठा नाही, धाकटा नाही, आता तर भाऊ-बहीणही नाही.

आपल्या शब्दांचीही घसरण झालीच आहे, हे कबूल केले पाहिजे. 'दादा'वरून दादागिरी आली. मुंबईत 'भाई' म्हटले की लोक दचकतात. ज्या शब्दात आधार होता, त्यात धाक शिरला. म्हणजे शब्द इंग्रजी आहे की आपला, हा मुद्दा नाही. त्या शब्दामागे आपण कसे वागतो, हा आहे.

सूरह अल-हुजुरातमध्ये श्रद्धावंतांना एकमेकांचे भाऊ म्हटले आहे, आणि लगेच भावाभावांत समेट घडवून आणण्याची आज्ञा आहे. म्हणजे 'भाऊ' म्हणताच एक जबाबदारी येते. याच शहरातले मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्याच्या तुरुंगात फासावर गेले. चौघे वेगवेगळ्या समाजांतले. त्यांच्या पुतळ्यांच्या चौकातून आपण रोज जातो. भाऊपणा रक्तापुरता नसतो, हे सोलापूरला कोणी वेगळे शिकवायला नको.

हे सगळे मी एका रात्री मुलाला समजावून सांगत होतो. तो मन लावून ऐकत होता. शेवटी त्याने सहज विचारले, "अब्बा, मग तुमचा ब्रो कोण?"

मला उत्तर देता आले नाही. यंत्रमागाच्या कारखान्याची वाटणी झाल्यापासून मी आणि माझे मोठे भाऊ बोलत नव्हतो. चार वर्षे झाली. ईदला मशिदीत दिसलो तरी वेगवेगळ्या दारांनी बाहेर पडायचो. मुलाला त्याचे बडे अब्बा नीट आठवतही नव्हते. तीन दिवसांहून जास्त अबोला धरू नये, आणि आधी सलाम करणारा तो चांगला, हा हदीसचा उपदेश मी इतरांना कितीदा सांगितला असेल! कुरिअरवाल्याला भाऊ म्हणणारे माझे पोर माझ्यापेक्षा बरे होते.

पुढच्या जुम्याला नमाजानंतर मी मुलाला घेऊन त्यांच्या दारी गेलो. वाटेत तो म्हणाला, "त्यांना काय म्हणू?" मी म्हणालो, "बडे अब्बा म्हण." दार त्यांनीच उघडले. मी म्हणालो, "अस्सलामु अलैकुम, भाईजान." चार वर्षांत हा शब्द तोंडातून गेला नव्हता, त्यामुळे आवाज जरा अडखळला. त्यांनी सलामचे उत्तर दिले, मुलाकडे पाहिले आणि म्हणाले, "किती मोठा झाला रे! अंदर आओ."

वाटणीचा हिशेब अजून मिटलेला नाही. पण आता आम्ही बोलतो.

वाचकहो, मुलांच्या 'ब्रो'ला रागावू नका. फक्त घरातल्या हाका त्यांच्या कानावर पडू द्या: भाईजान, आपा, मामू, खाला, फुप्पी. आणि ज्या हाका आपल्याच तोंडून बंद झाल्या असतील, त्या आधी आपण सुरू करूया.