बालेवाडीतले १०.१७ सेकंद

सू बिंगत्यान निवृत्त झाला. नोव्हेंबर २०२५मध्ये चीनच्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत तो ग्वांगडोंगकडून रिले धावला आणि थांबला. मोरगावच्या चौकात चहा पिणाऱ्याला ही बातमी सांगितली, तर तो विचारेल, "कोण हो हा?" पण हा माणूस आपल्या पुणे जिल्ह्यात धावून गेला आहे. जुलै २०१३, बालेवाडी, आशियाई अजिंक्यपद स्पर्धा, पुरुषांची १०० मीटर: पहिला सू बिंगत्यान, १०.१७ सेकंद. मी प्रेक्षकांत होतो, आणि माझ्या शेजारी आमच्या जिरायती भागातली सहा पोरं बसली होती.

डिसेंबर २०२५मध्ये हे लिहिलं तेव्हा त्या शर्यतीला साडेबारा वर्षं होत आली होती. भारताचा राष्ट्रीय विक्रम तेव्हा १०.१८ होता. तो अनिमेष कुजूरनं त्याच वर्षी जुलैत ग्रीसमध्ये केला. पुण्याच्या धावपट्टीवर परक्या पायांनी लावलेली वेळ आपल्या सबंध देशातल्या एकाही पायाला तोवर गाठता आलेली नव्हती. एक शतांश सेकंद बाकी होता. निवृत्तीची बातमी वाचल्यापासून तो एक शतांश माझ्या डोक्यातून जात नाही.

महाराष्ट्राला पळण्याचा अभिमान मोठा. सुरुवातही इथलीच. शंभर वर्षांपूर्वी डेक्कन जिमखान्याच्या मैदानावर शर्यती झाल्या. खेड्यापाड्यांतून आलेले अनवाणी गडी बघून दोराबजी टाटांना वाटलं, हे ऑलिंपिकला गेले पाहिजेत. त्यातून १९२०चा अँटवर्पचा संघ उभा राहिला. बेळगावकडचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. १०० मीटर मात्र बंगालच्या पूर्मा बॅनर्जीनं पळाली. तेव्हापासूनची वाटणी आजही तीच आहे. लांब पळायचं ते आम्ही, जोरात पळायचं ते दुसऱ्या कुणीतरी. नाशिकची कविता राऊत, साताऱ्याची ललिता बाबर, बीडचा अविनाश साबळे, सगळे लांब पल्ल्याचे. त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण लांब पल्ल्याला रस्ता पुरतो. वेगाला धावपट्टी लागते, ब्लॉक लागतात, स्पाइक्स लागतात, आणि पोराचं पाऊल कुठं चुकतंय हे ओळखणारा डोळा लागतो. रस्ता सरकारनं दिला. बाकीचं द्यायचं राहून गेलं.

अपवाद मुंबईचा. तिथल्या लेव्ही पिंटोनं १९५१ला दिल्लीत, पहिल्याच आशियाई क्रीडा स्पर्धेत, १०० आणि २०० मीटरची दोन्ही सुवर्णं घेतली. वेळा १०.८ आणि २२.०. त्यानंतर आशियाई क्रीडा स्पर्धेत १०० मीटरचं सुवर्ण एकाही भारतीय पुरुषाला मिळालेलं नाही. मुंबईचाच आदिल सुमारीवाला १९८०ला मॉस्कोत धावला. मधली वर्षं मी भराभर ओलांडतो, कारण थांबावं असं त्यात मला काही दिसत नाही.

थांबायचं ते २००८ ते २०१८ या दहा वर्षांवर. ती मी जगलो, हातात शिट्टी आणि स्टॉपवॉच घेऊन. मी पीटीचा मास्तर. बारामती तालुका म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर ऊस येतो, कालवा येतो. आमच्या मोरगाव, मुर्टी, तरडोलीकडे या म्हणजे दुसरी बारामती दिसेल. कऱ्हेचं पात्र वर्षातला बराच काळ कोरडं. शाळेचं मैदान मुरमाचं. दर शनिवारी सकाळी फक्की मारून मी सहा पट्टे आखायचो, सुतळी ताणून, कारण सुतळीशिवाय रेघ वाकते आणि वाकडी रेघ पोराला वाकडं पळवते. एक फुलस्केप वही होती. तारीख, नाव, वेळ, वारा अंगावर की पाठीवर, पायात काय. त्या शेवटच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी एकच शब्द आहे: अनवाणी.

दशकाची सुरुवात आशेची होती. १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेसाठी बांधलेलं बालेवाडीचं संकुल २००८च्या ऑक्टोबरात राष्ट्रकुल युवा स्पर्धेसाठी नव्यानं सजलं. ग्रेनडा नावाच्या बेटावरचा सोळा वर्षांचा किरानी जेम्स तिथं ४०० मीटर धावला आणि चारच वर्षांनी लंडनला ऑलिंपिक विजेता झाला. ग्रेनडाची लोकसंख्या आपल्या एकट्या बारामती तालुक्याहून कितीतरी कमी. मग २०१० आलं. दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत आपल्या पुरुषांनी ४ बाय १०० रिलेत ३८.८९ सेकंदांत कांस्य घेतलं, इंग्लंड आणि जमैकाच्या मागोमाग. त्या रात्री मी शाळेच्या फळ्यावर ते चार आकडे लिहून ठेवले. आठवडाभर कुणाला पुसू दिले नाहीत.

२०१३ची स्पर्धा खरी चेन्नईला व्हायची. श्रीलंकेचे खेळाडू नकोत म्हणून तमिळनाडू सरकारनं पाय मागे घेतला आणि ती आयत्या वेळी पुण्याकडे आली. चाळीसहून अधिक देश. पुण्यानं ती निभावली, हे मोकळ्या मनानं मान्य केलं पाहिजे.

त्या उन्हाळ्यात आमच्याकडे टँकर चालू होते. पोरांच्या घरी पैसे मागायची सोय नव्हती. एका पालकानं टेम्पो दिला, डिझेल मी टाकलं. वारीचे दिवस. ज्ञानोबांची पालखी दिवे घाट चढून सासवडकडे येत होती, तुकोबांची सोलापूर रस्त्यानं. म्हणून पहाटे दोनला मोरगाव सोडलं. मयुरेश्वराच्या दारात, त्या मोठ्या उंदरासमोर, पोरांनी आपणहून हात जोडले.

शर्यतीआधी माझ्या आजूबाजूच्या कितीतरी खुर्च्या रिकाम्या होत्या. 'सेट' म्हटल्यावर जी शांतता होते, ती टीव्हीवर कळत नाही. आठ माणसं कंबर वर उचलून थांबलेली असतात आणि बघणाऱ्याचाही श्वास अडकतो. बंदूक वाजली. सूची उंची जेमतेम पाच फूट आठ इंच, आमच्यातल्या तिघांची तेवढी होती. पहिली दहा-पंधरा पावलं त्यानं मान वर केलीच नाही. जमिनीला ढकलत, ढकलत, आणि मग जणू कुणी दोरीनं वर उचलावं तसा हळूच सरळ झाला. तोवर शर्यत संपत आली होती. फलकावर १०.१७ आलं. माझ्या शेजारचा पोरगा, तरडोलीच्या बाजूच्या एका वस्तीवरचा, काहीच बोलला नाही. मी आदल्या शनिवारी त्याची वेळ ११.१ नोंदवली होती. हातातल्या घड्याळाची ती वेळ. यंत्राच्या मोजणीत तिच्यात पाव सेकंद धरावा लागतो. तरी सोळाव्या वर्षी, मुरमावर, अनवाणी.

बाहेर पडताना सरावाच्या पट्टीपाशी तो खाली बसला आणि तळहात टेकवून दाबून पाहिलं.

"सर, ह्यो रबर हाय व्हय? पाय मागं फेकतंय ह्ये."

"सिंथेटिक म्हणतात रे त्याला."

"आपल्याकडं का न्हाई?"

या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. मी त्याला म्हणालो, येईल. चूक केली.

दुसऱ्या दिवशी मी तीन वर्तमानपत्रं विकत घेतली. दोनच आठवड्यांपूर्वी चॅम्पियन्स ट्रॉफी जिंकलेली, त्यामुळे पानं क्रिकेटनं भरलेली. १०० मीटर कुठंतरी कोपऱ्यात. त्या आठवडाभरात विकास गौडाच्या थाळीफेकीच्या सुवर्णाला थोडी जागा मिळाली, महिलांच्या ४ बाय ४०० रिलेच्या सुवर्णाला थोडी. सूचा फोटो मला सापडला नाही. पोरांना कापून द्यायचा होता.

त्याच वर्षी एका स्पर्धेत माझ्या त्या पोराला हीटच्या रांगेतून बाहेर काढलं. बोनाफाईडवरचा शिक्का पुसट आहे म्हणाले. पायात उसने आणलेले, एक नंबर मोठे स्पाइक्स, पुढं कापूस कोंबलेला. मी हात जोडले, शाळेचा फोन लावून दिला, उपयोग झाला नाही. हीट सुटली आणि तो दोरीच्या बाहेर उभा राहून बघत होता. कागद तपासू नका असं मी म्हणत नाही. पण कागद उद्या मिळतो, त्या वयातली ती शर्यत परत मिळत नाही. त्या दिवसाचा राग माझ्या मनातून आजही गेलेला नाही.

चीनमध्ये त्याच काळात काय झालं ते सांगतो. १०.१७वर सू समाधान मानून बसला नाही. पुढच्या वर्षी त्यानं सुरुवातीला पुढं ठेवायचा पायच बदलला. वर्षानुवर्षांची सवय मोडून नव्यानं शिकला. मे २०१५मध्ये ९.९९. दहा सेकंदांच्या आत आलेला आशियात जन्मलेला तो पहिला माणूस. २०१७पासून अमेरिकन प्रशिक्षक रँडी हंटिंग्टन त्याला शिकवू लागला. २०१८ला जकार्तात आशियाई सुवर्ण, ९.९२. टोकियो ऑलिंपिकमध्ये, १ ऑगस्ट २०२१ला, उपांत्य फेरीत ९.८३. तेव्हा तो एकतीस वर्षांचा, निम्मे लोक त्याला म्हातारा म्हणत होते. बालेवाडीपासून टोकियोपर्यंत आठ वर्षांत चौतीस शतांश. आपला राष्ट्रीय विक्रम बालेवाडीच्या वेळी १०.३० होता. साडेबारा वर्षांत तो बारा शतांशांनी खाली आला. आमच्याकडे नेहमी ऐकू येतं, आपल्या मातीत ती उंची नाही, ते स्नायू नाहीत. पाच फूट आठ इंचाच्या माणसानं आमच्या डोळ्यांसमोर ते खोटं ठरवलं होतं.

आपण काय केलं? २०१५च्या ऑक्टोबरात शाळांत क्रीडाशिक्षकांऐवजी मानधनावर अतिथी निदेशक नेमायचा निर्णय निघाला. तासाला येणारा माणूस तास घेऊन जातो. शनिवारी पहाटे सुतळी कोण ताणणार? आणि जून २०२१मध्ये, टोकियोला महिना उरला असताना, बालेवाडीत बैठकीला आलेल्या मंत्र्यांच्या गाड्या धावपट्टीवर गेल्या. फोटो देशभर फिरले, क्रीडा खात्याला दिलगिरी व्यक्त करावी लागली. मी तो फोटो मोठा करून पाहिला. माझ्या पोरानं तळहात टेकवला होता त्याच मैदानाच्या पट्टीवर टायर होते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आज आमच्या भागात पोरं पळत नाहीत असं नाही. पहाटे चारला मोरगाव–सुपे रस्त्यावर या, डोक्याला मोबाईलची बॅटरी लावून पळणारी शंभर पोरं-पोरी दिसतील. ती भरतीची. पोलीस भरतीत १०० मीटरला पंधरा गुण. साडेअकरा सेकंदांच्या आत आलं की मुलाला पूर्ण पंधरा मिळतात. साडेअकरा झाले की पोरगा थांबतो, पुढची मेहनत १६०० मीटर आणि गोळ्यावर. त्याचं काही चुकत नाही. घरी बहिणीचं लग्न असतं, विहिरीचं कर्ज असतं. तरडोलीकडचा माझा तो पोरगाही २०१८ला भरती झाला. पेढे घेऊन आला, पाया पडला. मला आनंद झाला, आणि तो गेल्यावर मी ती फुलस्केप वही काढून बसलो. ११.१च्या पुढं त्याच्या नावावर एकही नोंद नाही.

वेगाची आवड आपल्या लोकांना नाही, हे मला कुणी सांगू नये. वारीतल्या बेलवाडीच्या रिंगणात अश्व सुटतो तेव्हा टाचा उंच करून बघणारे आपणच. बैलगाडा शर्यतीवरची बंदी डिसेंबर २०२१मध्ये उठली तेव्हा गावोगाव गुलाल उधळला. उत्तर पुणे जिल्ह्यातल्या घाटांत गाडा किती सेकंदांत वर गेला हे लहान पोरालाही तोंडपाठ असतं. बैलाचा सेकंद ज्यांना कळतो, त्यांना पोराचाही कळेल. तो मोजून त्यांच्यापुढं ठेवणारा कुणी हवा.

अनिमेष कुजूर छत्तीसगडच्या जशपूरकडच्या खेड्यातला. त्याला कुणीतरी वेळेत पाहिलं, भुवनेश्वरला नेलं, धावपट्टी दिली, प्रशिक्षक दिला. २०२५च्या मे महिन्यात गुमीच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत त्यानं २०० मीटरला २०.३२ सेकंदांत कांस्य आणलं. एवढंच लागतं, आणि एवढंच आमच्या जिरायती भागात कधी पोचलं नाही.

आठ पट्ट्यांचं चारशे मीटरचं मैदान मी मागत नाही. एकशे तीस मीटरचा सरळ, सहा पट्ट्यांचा सिंथेटिक तुकडा मोरगाव परिसरात कुठंही द्या, आणि त्याचं फाटक पहाटे पाचला उघडं ठेवा. ते होईल तेव्हा होईल. तोवर माझ्या व्यवसायबंधूंना एक विनंती. पुढच्या जूनमध्ये शाळा उघडली की सहावीच्या सगळ्या मुलामुलींना एकदा साठ मीटर पळवा. सुतळी ताणून रेघ मारा. आणि प्रत्येकाची वेळ वहीत लिहून ठेवा, तारखेसकट.