सायकलवर निघताना मोबाईल ठेवायचा कुठे?

सेलूत पहाटे पाचला घराबाहेर पडून पाहावे. पाथरीच्या आणि वालूरच्या वाटेला पोरापोरींचे घोळके लागलेले असतात. कोणी पळतो, कोणी सायकल दामटतो. यातले पुष्कळजण भरतीच्या तयारीचे. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. रोज पळून पळून गुडघे भरून आले की मधला एखादा दिवस सायकलवर काढावा, म्हणजे दमही वाढतो आणि गुडघ्यालाही विसावा मिळतो, हे त्यांना आता कोणी शिकवावे लागत नाही. त्यांच्या मागोमाग साखर निघाली म्हणून डॉक्टरांनी पिटाळलेली चाळिशी-पन्नाशीची मंडळीही दिसतात. शरीर कमावण्याची ही हौस वस्त्यावस्त्यांतून वाढते आहे, याचा आम्हाला आनंदच आहे. पण प्रत्येकाच्या अंगावर कुठेतरी मोबाईल असतो, आणि तो कसा असतो ते पाहून आम्हाला काळजी वाटते.

काळजीला कारण घडले आहे. आमच्याच गल्लीतला एक पोरगा, बारावी होऊन दोन वर्षे झालेला, रोज वीस किलोमीटर सायकल मारतो. ट्रॅकपँटच्या मागच्या खिशात मोबाईल. एका खड्ड्यात चाक आपटले, हा सीटवरून उचलला गेला आणि मोबाईल केव्हा निसटला ते त्याला कळलेच नाही. शंभर पावले पुढे गेल्यावर खिसा हलका लागला म्हणून वळून पाहतो तो मागून येणारी ट्रॉली त्यावरून गेलेली. "काका, आवाजसुद्धा आला नाही," असे तो आम्हाला सांगत होता. मोबाईल अकरा हजारांचा, हप्त्यावर घेतलेला. हप्ते भरायची माय, कापूस वेचणीच्या मजुरीतून. सात हप्ते अजून बाकी होते.

मोबाईल गेला एवढ्यावर ते थांबले नाही. घरात फोन तो एकच. भरतीच्या अर्जाचा ओटीपी त्याच्यावर येणार होता आणि अर्जाला दोन दिवस उरले होते. मायच्या बँकेच्या खात्याला नंबर तोच. जातीच्या दाखल्याचे आणि गुणपत्रिकेचे फोटो त्यातच. नशीब एवढेच की सिमकार्ड शाबूत निघाले. शेजाऱ्याच्या फोनमध्ये ते घातले, ओटीपी आला, अर्ज भरला गेला. फोटो मात्र गेले ते गेलेच, आणि नसलेल्या फोनचे हप्ते पुढचे सात महिने चालू राहिले. साहेबाच्या घरात चार फोन असतात, एक फुटला तर दुसरा उचलतो. आपल्या घरात तसे नसते. म्हणून ही गोष्ट क्षुल्लक मानू नये, अशी वाचकांना विनंती आहे.

आता हे का घडते ते पाहू. सायकल चालवताना मांडी सारखी वर-खाली होते. ट्रॅकपँटचे कापड गुळगुळीत, खिसा सैल, त्यामुळे प्रत्येक पायडलला मोबाईल केसभर वर सरकतो. मागच्या खिशात तर सीट त्याला खालून ढकलतच असते. पुढच्या खिशात तो पडत नसला तरी मांडी आणि पोट यांच्यामध्ये वाकतो. मोबाईलमधली बॅटरी वाकणे चांगले नाही. तिच्या आत दोन थर एका पातळ पडद्याने वेगळे ठेवलेले असतात. तो पडदा फाटला की थर एकमेकांना भिडतात आणि बॅटरी तापते, फुगते, प्रसंगी पेटतेही. वाकलेला किंवा पाठ फुगलेला मोबाईल "चालतोय की अजून" म्हणून वापरू नये आणि चार्जिंगलाही लावू नये. शर्टाच्या वरच्या खिशाबद्दल बोलायलाच नको. हँडलवर वाकले की तो बाहेर.

काहीजण पाठीवर सॅक घेतात. सॅकमध्ये मोबाईल हरवत नाही हे खरे. पण पाठीवर आपटलो तर ती कडक पाटी थेट मणक्यावर येते. सॅक घ्यायचीच असेल तर मोबाईल एका कडेला ठेवावा, टॉवेलात गुंडाळून.

सगळ्यांत जास्त मोह पडतो तो हँडलवरच्या होल्डरचा. बाजारात शंभर-दीडशेला मिळतो, दिसतोही ऐटदार. आमचे मत त्याच्या विरुद्ध आहे, आणि त्याला सेलूच्या मातीचे कारण आहे. आपल्याकडची जमीन काळी कापसाची. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावरचा डांबरी रस्ता त्यामुळे स्थिर राहत नाही. कुठे खचतो, कुठे लाटा उठतात. दुधना धरणाकडे जाणाऱ्या पोरांना हे वेगळे सांगायला नको, तळहात मुंग्या येऊन बधिर होतात. हा सगळा हादरा हँडलवरून सरळ मोबाईलला बसतो. स्वस्त होल्डरचे प्लास्टिक अशा हादऱ्याने सैल होते आणि एक दिवस ऐन खड्ड्यात सुटते. शिवाय हल्लीच्या पुष्कळ मोबाईलच्या कॅमेऱ्यात भिंग हलते ठेवलेले असते, हात थरथरला तरी फोटो स्पष्ट यावा म्हणून. सप्टेंबर २०२१ मध्ये एपल कंपनीने आपल्या ग्राहकांना सूचना दिली, की मोठ्या इंजिनाच्या मोटारसायकलच्या हँडलवर आयफोन लावू नका, त्या थरथरीने कॅमेऱ्याचा हा भाग बिघडू शकतो. सायकलला इंजिन नसते, त्यामुळे धोका तेवढा नाही. पण खड्ड्याचा दणका इंजिनाच्या थरथरीपेक्षा मऊ असतो असे कोणी समजू नये.

याहून मोठी गोष्ट नजरेची. डोळ्यांसमोर मोबाईल असला की माणूस पाहणारच. मेसेज आला, पाहिला. किती किलोमीटर झाले, पाहिले. तेवढ्यात समोर बैलगाडी. पहाटेच्या अंधारात, उसाच्या ट्रॉल्या चालू असताना, हा खेळ करू नये. किलोमीटर मोजायचेच असतील तर स्ट्राव्हासारखे अॅप घरून निघताना चालू करावे आणि मोबाईल आत टाकावा. पडदा बंद असला तरी मोजणी चालू राहते. परत आल्यावर आकडा पाहावा. तो कुठे पळून जात नाही.

होल्डर नको म्हणण्याचे आमचे तिसरे कारण ऐका. माणूस सायकलवरून पडतो तेव्हा सायकल एकीकडे जाते, माणूस दुसरीकडे. पाय मोडून पडलेला माणूस दहा हातांवरच्या सायकलपर्यंत सरपटत कसा जाणार? म्हणून मोबाईल सायकलला नको, अंगाला हवा. अंगाला म्हणजे कमरेला.

कमरेला बांधायची पिशवी विकतही मिळते, पण आम्ही म्हणतो शिवून घ्या. गल्लीतल्या शिलाईवाल्या ताईंना चार पैसे मिळतील आणि मापाचे कामही होईल. जुन्या बॅगेचे रेक्झिन बाहेरून, आतून जुन्या घोंगडीचा किंवा फ्लॅनेलचा तुकडा. आतले माप साधारण १८ सेंटीमीटर लांब आणि १० सेंटीमीटर रुंद धरले तर आजचा मोठा मोबाईलही बसतो. तोंडाला चेन हवी, बटण किंवा चिकटपट्टी नको, दणक्याने ती उघडते. चेनवर दोन बोटे रुंद झालर सोडावी म्हणजे पावसाचे पाणी आत उतरत नाही. पट्टा दीड इंची निवारीचा, बकल जुन्या सॅकचे चालेल. पट्टा एवढा आवळावा की आत दोन बोटे जातील, तिसरे जाणार नाही. किल्ली आणि सुट्टे पैसे त्याच कप्प्यात टाकू नयेत, काच ओरखडते.

पिशवी बांधायची पोटावर, बेंबीच्या जरा एका अंगाला, आणि काच अंगाकडे. माणूस बहुधा कुशीवर पडतो, खुब्यावर आणि कोपरावर मार बसतो, म्हणून अगदी खुब्यावर पिशवी ठेवू नये. मागे सरकवायची तर मणका सोडून बाजूला. ज्यांच्याकडे खाली वाकायच्या हँडलची सायकल आहे त्यांना पोटावर अडचण होईल, त्यांनी मागेच ठेवावी.

आता घाम. घामात मीठ असते आणि मिठाचे पाणी साध्या पाण्यापेक्षा धातूला लवकर खाते. "माझा मोबाईल वॉटरप्रूफ आहे" असे सांगणाऱ्यांनी लक्षात घ्यावे, की आयपी ६७, आयपी ६८ हे शिक्के गोड्या पाण्यात तपासून दिलेले असतात, आणि मोबाईल एकदा पडून त्याची चौकट हलली की त्या शिक्क्याचा भरवसा राहत नाही. चेनची साधी प्लास्टिक पिशवी दहा रुपयांच्या आत मिळते. मोबाईल तिच्यात, ती कमरेच्या पिशवीत. घरी आल्यावर मात्र लगेच बाहेर काढावा, आत कोंडलेला ओलावा वाईट. भिजलाच तर बंद करावा, चार्जिंगचे तोंड खाली धरून हळू झटकावा आणि वाऱ्याला ठेवावा. तांदळाच्या डब्यात पुरण्याचा उपाय आपल्याकडे घरोघर चालतो. त्याने काही साधत नाही, उलट तांदळाचा भुगा आत शिरतो. कोरडा झाल्याशिवाय चार्जिंग नाही.

उन्हाचेही तसेच. एपल कंपनी आपला फोन ० ते ३५ अंशांच्या हवेत वापरा म्हणते, आणि आपल्या परभणी जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो. उन्हाळ्यात आठच्या आत घरी यावे, मोबाईलसाठीही आणि स्वतःसाठीही. तापून आलेला मोबाईल लगेच चार्जिंगला लावू नये.

आमच्या भगिनी आणि मुलींसाठी थोडे वेगळे सांगायचे आहे. मुलगी पहाटे एकटी सायकलवर जाते म्हटले की आईचा जीव खालीवर होतो. फोन जवळ आहे म्हणूनच कित्येक घरांतून परवानगी मिळते. तर मग तो फोन वेळेला हाताशी आलाच पाहिजे. पोलीस, अग्निशमन, दवाखाना या सगळ्यांसाठी ११२ हा एकच नंबर आहे, आणि महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ ला रुग्णवाहिका येते. मोबाईलला कुलूप असले तरी तातडीचा कॉल लागतो. पुष्कळ फोनमध्ये बाजूचे बटण भराभर पाच वेळा दाबले की मदतीचा कॉल जातो. आपल्या फोनमध्ये ती सोय आहे का, ते आधी घरी बसून पाहावे. कुलपाच्या पडद्यावर रक्तगट आणि घरातल्या माणसाचा नंबर भरून ठेवावा, बेशुद्ध माणसासाठी दुसऱ्याला तोच कामी येतो. जाताना कोणत्या वाटेने चाललो ते सांगून जावे. आणि ते स्ट्राव्हा वापरत असाल तर सेटिंगमध्ये जाऊन घराजवळचा भाग नकाशावरून लपवावा. जानेवारी २०१८ मध्ये याच अॅपच्या जगभराच्या नकाशावर सैनिकांच्या पळण्याच्या वाटा उमटल्या आणि लष्करी तळ उघडे पडले. तिथे सैनिकांचे चालले नाही, मग रोज एकाच वेळी एकाच वाटेने जाणाऱ्या मुलीचे ठिकाण कोणालाही कळेल.

एवढे करूनही मोबाईल गेलाच, तर? त्यासाठी आजच एक काम करावे. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश असे दाबले की पंधरा आकडी आयएमईआय नंबर येतो. तो वहीत लिहून, मोबाईलच्या बिलासोबत पेटीत ठेवावा. हरवल्यास ठाण्यात तक्रार देऊन, २०२३ साली सुरू झालेल्या संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर त्या नंबरने मोबाईल बंद पाडता येतो. सिम त्याच नंबरचे पुन्हा काढावे, ओटीपी त्याच्यावर अवलंबून आहेत. दाखल्यांच्या एक-दोन छायाप्रती कागदावरही असू द्याव्यात. कागद ट्रॉलीखाली फुटत नाही.

त्या पोराच्या मायने परवा आम्हाला पिशवी दाखवली. तिच्या बाजार करायच्या जुन्या थैलीचे रेक्झिन, आत नवऱ्याच्या जुन्या मफलरचे अस्तर. मोबाईल सध्या त्यात मामाने दिलेला, जुना, कोपऱ्याला तडकलेला आहे. "झालर जरा लांब झाली," ती म्हणत होती. आम्ही पाहिली. पावसाळ्याला बरोबर आहे.