आगगाडीचा डबा आणि त्याची जोडणी

रिसोडला आगगाडी नाही; ती धरावयाची तर वाशीम गाठावे लागते. तरीही आज डब्याविषयी बोलावयाचे योजले आहे. ज्यात आपण मुलाबाळांसह रात्रभर निर्धास्त झोपतो, तो डबा बांधलेला कसा असतो, हे आपण क्वचितच विचारतो.

पूर्वी खाली पोलादी सांगाडा असे आणि त्यावर लाकडी घर. टक्कर झाली की लाकडाचा चुरा होई आणि एक डबा दुसऱ्यात घुसे. स्वातंत्र्यानंतर सरकारने स्वित्झर्लंडमधील श्लीरेनच्या कारखान्याशी करार केला व मद्रासला पेरांबूर येथे इंटिग्रल कोच फॅक्टरी उभारली. २ ऑक्टोबर १९५५ रोजी पंडित नेहरूंनी तिचे उद्घाटन केले.

‘इंटिग्रल’ म्हणजे एकसंध. झाकण कापलेला तेलाचा डबा हाताने चेपतो. बंद डबा सहसा चेपत नाही, कारण त्याच्या सर्व बाजू एकमेकींना धरून असतात. तेच तत्त्व येथे आहे. तळ, भिंती, छप्पर सारे पोलादी, आणि भार सर्वांनी वाटून घेतलेला. टोके अशी घडविली की धक्का तेथेच जिरावा. या डब्याने पुष्कळांचे प्राण वाचविले असतील, यात मला शंका नाही.

मात्र जोडणी जुन्याच वळणाची राहिली: मध्ये आकडा व स्क्रू, दोन्ही अंगांना बफर. उतारावर बैलगाड्यांची रांग आपण पाहिली आहे. पुढची अडली की मागची तिच्यावर येते. आगगाडीतही तेच होते. मोठ्या धडकेत बफर एकमेकांवरून सरकतात आणि मागचा डबा पुढच्यावर चढतो. मग भिंती कितीही भक्कम असोत!

२००० साली जर्मन नमुन्याचे एलएचबी डबे आले. पुढे ते कपूरथळ्यास होऊ लागले. त्यांची जोडणी मधोमध असते. दोन मुठी एकमेकींत अडकाव्यात तशी. त्यामुळे डबा सहसा वर चढत नाही. गाडी सुटताना हिसके बसतात, अशी प्रवाशांची तक्रार होती, आणि ती खोटी नव्हती. जोडणीत सुधारणा कराव्या लागल्या.

पेरांबूरने जुन्या नमुन्याचे डबे बांधणे २०१८ च्या आरंभी थांबविले. तरी बांधलेले डबे लगेच मोडीत निघाले नाहीत. वाशीमच्या फलाटावर दोन डब्यांच्या मध्ये दुरूनच पाहावे. दोन्ही बाजूंना लोखंडी तबकड्या एकमेकींना टेकलेल्या दिसल्या, तर ती जोडणी जुनी.