दोन किलोचा मासा पाच किलोचा दोरा कसा तोडतो?

तळ्यावर किंवा धरणाच्या काठावर गळ टाकून बसलेली माणसे तुम्ही पाहिली असतील. त्यांच्या बोलण्यात एक तक्रार हमखास ऐकू येते : "दोरा चांगला पाच किलोचा होता, मासा दोन किलोचाही नसेल, तरी तोडून गेला!" ऐकणारे हसतात आणि सुटलेला मासा नेहमी मोठाच असतो म्हणतात. पण तक्रार खरी असू शकते. पाच किलोचा दोरा म्हणजे हळूहळू भार वाढवत नेला तर सुमारे पाच किलोपर्यंत न तुटणारा दोरा. मग दोन किलोच्या माशाने तो तोडावा कसा? या प्रश्नाच्या उत्तरातच काठी, रीळ आणि दोरा कसा निवडावा हेही दडलेले आहे. त्यासाठी लागणारे बहुतेक पदार्थविज्ञान तुमच्या शाळेच्या पुस्तकातच आहे.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात पाण्याची ठिकाणे पुष्कळ आहेत. दक्षिण सीमेवर पैनगंगा, पूर्वेला वर्धा, शिवाय पुसदजवळचे पूस, दिग्रसजवळचे अरुणावती आणि बाभूळगाव तालुक्यातील बेंबळा ही धरणे. गावोगावची तळी वेगळीच. या तळ्यांच्या काठी बेशरमाची झुडपे आणि पाणवनस्पती माजलेल्या असतात, आणि त्यांच्या आडोशाला मरळ मासा दबा धरून बसतो. बेडूक किंवा लहान मासा जवळ आला की हा शिकारी एका झेपेत तो पकडतो. अमेरिकेत 'बास' नावाचा मासा अगदी असाच वागतो. तेथे बास पकडणे हा मोठा छंद आहे. १९३२ साली जॉर्जिया राज्यात पकडलेला सुमारे १० किलो वजनाचा बास अजून विक्रम म्हणून सांगितला जातो. आज आपल्याकडे दुकानात मिळणाऱ्या काठ्या आणि रिळे पुष्कळदा त्या छंदासाठीच घडवलेल्या असतात. त्यांच्यावर पौंडात आकडे छापलेले असतात. १० पौंड म्हणजे सुमारे साडेचार किलो, एवढे लक्षात ठेवले की पुरे.

वजन नव्हे, हिसका

पाण्यात माशाचे वजन किती भरते? जवळजवळ शून्य! माशाची घनता पाण्याच्या घनतेइतकीच असते, म्हणून आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार पाणी त्याला जवळजवळ पूर्ण तोलून धरते. तेव्हा दोरा तुटतो तो वजनाने नव्हे. तुटतो तो माशाच्या गतीमुळे.

समजा, २ किलोचा मरळ सेकंदाला ३ मीटर वेगाने पळाला आणि सैल दोरा एकाएकी ताणला गेला. माशाची गतिज ऊर्जा = ½ × २ × ३ × ३ = ९ ज्यूल. मासा थांबायचा असेल तर ही ऊर्जा कोठेतरी जिरली पाहिजे. दोरा ताणला जाऊन ती काही अंशी सामावून घेतो. पाच किलोचा दोरा म्हणजे सुमारे ५० न्यूटन बल सोसणारा दोरा. नायलॉनचा दोरा तुटण्यापूर्वी आपल्या लांबीच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतका ताणला जातो असे धरू. बल शून्यापासून ५० न्यूटनपर्यंत वाढत जाते, म्हणून सरासरी बल २५ न्यूटन.

आता दोन प्रसंग पाहू. मासा १० मीटर दूर असेल तर दोरा २ मीटर ताणला जाऊ शकतो; तो २५ × २ = ५० ज्यूल ऊर्जा जिरवील. ९ ज्यूलचा हिसका त्याला काहीच नाही. पण मासा काठाजवळ आला आणि दोरा फक्त १ मीटर उरला, तर ताण २० सेंटिमीटर, म्हणजे ऊर्जा अवघी ५ ज्यूल. दोरा तुटलाच! दोरा तोच, मासा तोच. पण पहिल्या वेळी वाचलेला दोरा दुसऱ्या वेळी तुटतो. मासा काठाशी येऊनच का सुटतो, याचे एक कारण हे आहे. त्यात नशिबाचा संबंध नाही.

काठी कशासाठी?

येथे काठी मदतीला येते. काठीचे टोक ३० न्यूटन बलाने ६० सेंटिमीटर वाकत असेल, तर ती ½ × ३० × ०.६ = ९ ज्यूल ऊर्जा स्वतःत साठवते. म्हणजे दोऱ्यावर ३० न्यूटनपेक्षा जास्त ताण न येता तोच हिसका थोपवला गेला. नुसत्या हाताने तुटणारा दोरा काठीमुळे वाचला. शिवाय मासा क्षणभर थबकला की वाकलेली काठी सरळ होऊ लागते आणि दोरा सैल पडू देत नाही. दोरा सैल पडला तर गळ तोंडातून निसटतो.

काठी किती वाकेल हे कशावर अवलंबून असते? भरीव काठीचा व्यास दुप्पट केला तर तिचा ताठपणा सोळा पट होतो, आणि लांबी दुप्पट केली तर टोकाचे वाकणे आठ पट होते. म्हणून चांगली काठी बुडाशी जाड व शेंड्याशी बारीक असते. लहान हिसका शेंडा सोसतो, मोठा हिसका आला की मधला भागही वाकून कामाला लागतो.

पोकळ काठीची गंमत पाहा. बाहेरच्या व्यासाच्या निम्म्या व्यासाची पोकळी आत ठेवली तर वजन चौथ्या हिश्श्याने घटते, पण ताठपणा मात्र फक्त सोळाव्या हिश्श्याने. वाकताना सर्वांत जास्त ताण बाहेरच्या थरावर येतो. आतला गाभा बराचसा फुकटचा भार असतो. निसर्गाने बांबूत हीच काटकसर केली आहे. आपल्या जंगलातील मानवेल बांबू मात्र जाड सालीचा, कधी कधी जवळजवळ भरीव असतो. म्हणून तो लाठीला उत्तम, आणि गळाच्या काठीलाही टिकाऊ. पण हाताला जड. दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतूच्या आणि १९७० च्या दशकापासून कार्बनतंतूच्या पोकळ काठ्या आल्या. त्या हलक्या असतात.

काठी ही तिसऱ्या प्रकारची तरफ आहे, चिमट्यासारखी. बूड कमरेला टेकलेले, पुढचा हात त्यापासून ४० सेंटिमीटरवर आणि टोक २ मीटरवर असेल, तर टोकावरच्या ३० न्यूटनसाठी हाताला १५० न्यूटन बल लावावे लागते. म्हणजे फार लांब काठी घेतली तर दमतो तो मासा नव्हे, आपण! मोबदल्यात आपल्याला चाल मिळते. हात थोडा हलला की टोक पाचपट सरकते. काठी वाकली की टोकाचे आडवे अंतर कमी होते आणि हातावरचा भार आपोआप हलका होतो.

रीळ : दोरा सोडणारे यंत्र

रीळ म्हणजे दोरा गुंडाळण्याची फिरकी, असा पुष्कळांचा समज असतो. कल्पना जुनी आहे. चिनी चित्रकार मा युआन याच्या सुमारे ११९५ सालच्या चित्रात होडीत बसलेल्या माणसाच्या काठीला रीळ दिसते. आज सर्वत्र दिसणाऱ्या स्थिर फिरकीच्या रिळाचे पेटंट १९०५ साली इंग्लंडमधील आल्फ्रेड इलिंगवर्थ याने घेतले. तो कापड गिरणीच्या धंद्यातला. बॉबिन न फिरता तिच्या टोकावरून सूत कसे सरसर सुटते, हे त्याने गिरणीत पाहिले होते. कापसाच्या यवतमाळ जिल्ह्यातील मुलांना ही गोष्ट आवडावी!

पण रिळाचे खरे महत्त्व त्यातील घर्षण-चकत्यांत आहे. ठरावीक ताणापेक्षा जास्त ताण आला की चकत्या घसरतात आणि दोरा सुटू लागतो. समजा, रीळ १५ न्यूटनला सुटेल असे बसवले. आपल्या मरळाची ९ ज्यूल ऊर्जा जिरायला ९ ÷ १५ = ०.६ मीटर, म्हणजे फक्त ६० सेंटिमीटर दोरा सोडावा लागेल! काठी ऊर्जा साठवते आणि परत करते; रीळ ती घर्षणाने उष्णतेत बदलून टाकते. काठीकडे उधारीचा व्यवहार, रिळाकडे कायमचा खर्च.

रीळ निवडताना तीन गोष्टी पाहाव्या. पहिली, दोरा सुटायला सुरुवात होताना झटका बसता कामा नये. स्थिर घर्षण हे गतिक घर्षणापेक्षा जास्त असते. चांगल्या चकत्यांत हा फरक कमी असतो. दोरा हाताने ओढून पाहा. तो अडखळत न येता एकसारखा आला पाहिजे. दुसरी, फिरकी पुरेशी रुंद असावी. चकत्यांचे आघूर्ण ठरलेले असते आणि ताण = आघूर्ण ÷ त्रिज्या. भरलेल्या फिरकीची त्रिज्या २.५ सेंटिमीटर असताना ताण १५ न्यूटन असेल, तर दोरा सुटत जाऊन त्रिज्या १.५ सेंटिमीटर झाल्यावर तोच ताण २५ न्यूटन होतो, कळ न फिरवताही. तिसरी, दातेरी चाकांचे गुणोत्तर. ५ : १ असेल तर मुठीच्या एका फेऱ्यात वर सांगितलेल्या भरल्या फिरकीवर सुमारे ७८ सेंटिमीटर दोरा येतो. पण रिळाने मासा ओढू नये. काठी वर उचलून मासा जवळ आणावा आणि काठी खाली नेताना सैल होणारा दोरा रिळाने गोळा करावा.

दोरा आणि गाठ

नायलॉन १९३५ साली वॉलेस करोथर्स या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत अमेरिकेत तयार झाले. आपल्याकडे काही ठिकाणी नायलॉनच्या या दोऱ्याला तंगूस म्हणतात. दोऱ्याचे बळ त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळावर, म्हणजे व्यासाच्या वर्गावर अवलंबून असते. ०.३० मिलिमीटरचा दोरा साधारण ५ किलो तोलत असेल, तर १० किलोसाठी ०.४२ मिलिमीटर पुरतो. पण जाड दोरा ताठ असतो, फेकल्यावर दूर जात नाही आणि पाण्यात माशाला दिसतो. हल्ली पॉलिएथिलीनच्या विणलेल्या तंतूंचा दोरा मिळतो. तो बारीक असून फार बळकट असतो. मात्र ताणला जातो अगदी थोडा, तीन-चार टक्के. वरचे गणित आठवा : ५० न्यूटनचा असा १ मीटर दोरा जेमतेम १ ज्यूल ऊर्जा जिरवील. म्हणून असा दोरा वापरणाऱ्याने काठी आणि रीळ जास्त विचारपूर्वक निवडले पाहिजे.

साखळीचे बळ तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतके असते. येथे ती कडी पुष्कळदा गाठ असते. साधी गाठ दोऱ्याचे बळ निम्म्यापर्यंत उतरवू शकते, कारण तीव्र वळणावर बाहेरच्या बाजूला ताण एकवटतो. नायलॉनची गाठ आवळताना घर्षणाने तापते, म्हणून ती आधी ओली करावी. उन्हातील अतिनील किरणांनीही नायलॉन कमजोर होते. विदर्भातल्या उन्हाळ्यात दोरा उघड्यावर ठेवू नये, आणि जुना दोरा दरवर्षी बदलावा.

करून पाहा

प्लॅस्टिकच्या बाटलीत थोडे पाणी घालून ती शिवणाच्या दोऱ्याने टांगा. हळूहळू पाणी वाढवा. दोरा ज्या भाराला तुटेल तो मोजा. आता निम्म्या भाराने भरलेली बाटली नव्या दोऱ्याला बांधून १५-२० सेंटिमीटर उचला आणि सोडून द्या. दोरा बहुधा तुटेल. तिसऱ्या वेळी दोरा आणि बाटली यांच्यामध्ये रबरबँड अडकवून तेच करा. काय होते? रबरबँडच्या जागी काठी आहे अशी कल्पना करा. शेवटी दोऱ्याच्या मध्यावर एक गाठ मारून तो ओढा आणि कोठे तुटतो ते पाहा. खाली बादली ठेवायला विसरू नका.

मग निवड कशी करावी?

सर्वांत चांगली काठी, सर्वांत चांगले रीळ असे काही नसते. तिघांचा मेळ असतो. धरणाच्या मोकळ्या पाण्यात रोहूसाठी बारीक दोरा, लवचिक काठी आणि हलके बसवलेले रीळ योग्य. माशाला पळायला जागा आहे, त्याला पळू द्यावे. झुडपांतल्या मरळासाठी हे चालणार नाही. दोन मीटर दोरा सोडला तर तो मुळांत शिरून गुंडाळा करील. तेथे रीळ घट्ट हवे, म्हणून दोरा दहा किलोचा हवा आणि काठी ताठ, पण शेंड्याला लवचिक. नव्याने शिकणाऱ्याला सुमारे दोन मीटरची काचतंतूची काठी बरी. ती स्वस्त आणि धक्के सोसणारी असते. रीळ दोऱ्याच्या बळाच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्यावर बसवावे. शाळेतील ताणकाटा दोऱ्याला अडकवून ओढला की आकडा समोर दिसतो. अंदाजाची गरज नाही.

हा हिशेब माशासाठीही महत्त्वाचा आहे. दोरा तोडून गेलेला मासा 'सुटला' असे आपण म्हणतो. पण तो तोंडात गळ आणि मागे दोरा घेऊन जातो. तो दोरा मुळांत अडकला तर मासा उपाशी मरतो. काठावर टाकलेला दोरा वर्षानुवर्षे कुजत नाही, आणि बगळ्यांच्या, पाणकावळ्यांच्या पायांत गुंततो. म्हणून दोऱ्याचा तुकडा न् तुकडा घरी आणावा. पावसाळ्यात मरळाची लालसर पिले पृष्ठभागावर घोळक्याने फिरतात आणि आईबाप त्यांची राखण करतात. तेथे गळ टाकू नये, कारण राखणदार गेला की सारा घोळका शत्रूंच्या तोंडी जातो. बहुतेक जलाशयांतील मासेमारीचे हक्क मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात. त्यांची परवानगी आधी घ्यावी.

आणि एक गोष्ट कधीही विसरू नका. कार्बनतंतू विजेचा वाहक आहे. ओला बांबूही सुरक्षित नाही. कालव्यावरून विजेच्या तारा जात असतील तेथे काठी उभारू नये. मेघगर्जना ऐकू येताच काठी खाली ठेवून पक्क्या घराचा आसरा घ्यावा. मासा उद्याही मिळेल.