अजगराचं पिल्लू सापडलं? घरी ठेवण्याआधी हे वाचा

चंद्रपूर/गडचिरोली : रोवणीचे दिवस आले की बांधीत, धुऱ्यावर, तणसाच्या ढिगात अजगराची पिल्लं दिसायला लागतात. दीड-दोन फूट लांब, चकचकीत अंग, त्यावर तपकिरी डाग. अजगर बिनविषारी असतो हे आपल्याकडे लहान पोरांनाही माहीत आहे. मग कोणी पिल्लू डब्यात घालून घरी आणतो, कोणी गळ्यात घालून रील काढतो. त्यात मोबाईलवर 'बॉल पायथन' पाळणाऱ्यांचे व्हिडिओ धडाधड येतात. शहरातली माणसं अजगर पाळतात, मग आपण पाळला तर काय बिघडलं, असं तरुणांना वाटतं.

बिघडतं, आणि बरंच बिघडतं. एक तर तो मोठा गुन्हा आहे. दुसरं, पिल्लू घरात फार दिवस टिकत नाही. आणि तिसरी गोष्ट सगळ्यात धोक्याची : अजगराचं समजून उचललेलं पिल्लू घोणसाचं निघालं तर जीव जाऊ शकतो.

व्हिडिओतला साप वेगळा, आपला अजगर वेगळा

व्हिडिओत दिसणारा बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला साप. भीती वाटली की तो अंगाचा चेंडू करून डोकं आत लपवतो, म्हणून त्याचं नाव 'बॉल'. पूर्ण वाढला तरी साधारण तीन ते पाच फूट.

आपल्या जंगलात आणि शेतात असतो तो भारतीय अजगर. तो दहा फूट आणि त्याहूनही जास्त वाढतो. ताडोब्यापासून भामरागडपर्यंत नाले, मामा तलाव, बोड्या, जुनी वारुळं, सायाळीची बिळं ही त्याची घरं. मादी उन्हाळ्यात अंडी घालते आणि अंड्यांभोवती वेटोळं घालून बसते. अंग थरथरवून ती अंड्यांना ऊब देते. साधारण दोन महिन्यांनी, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाशी, पिल्लं बाहेर येतात. त्यानंतर आई त्यांना सांभाळत नाही. पिल्लू पहिल्या दिवसापासून एकटंच राहतं आणि स्वतःच शिकार करतं. त्यामुळे 'आई हरवली असेल, बिचारं एकटं आहे' म्हणून त्याला उचलायची काहीच गरज नाही.

कायदा काय सांगतो?

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये भारतीय अजगर अनुसूची १ मध्ये आहे. वाघही याच अनुसूचीत आहे. अजगर मारणं तर सोडाच, त्याला पकडणं, पकडायचा प्रयत्न करणं आणि त्याच्या अंड्यांची नासधूस करणं यालाही कायदा 'शिकार'च म्हणतो. शिक्षा ३ ते ७ वर्षे कैद आणि कमीत कमी २५ हजार रुपये दंड. दंडाची ही रक्कम २०२२ च्या दुरुस्तीने वाढली, आणि ती दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. गळ्यात अजगर घालून टाकलेलं रील म्हणजे आपल्याच हाताने दिलेला पुरावा.

मग बॉल पायथनचं काय? तो विदेशी प्राणी आहे, पण त्यालाही मोकळीक नाही. २०२४ च्या नियमांप्रमाणे असा प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवरून राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे नोंदणीसाठी अर्ज करावा लागतो. कागदपत्रं नसलेला, कोणी गुपचूप विकलेला साप घेतला की घेणाराही अडकतो. शिवाय 'बॉल पायथन आहे' म्हणून आपल्याच अजगराचं पिल्लू गळ्यात मारलं जाऊ शकतं.

'हेमलकशाला तर प्राणी ठेवतात' असंही लोक म्हणतात. लोकबिरादरी प्रकल्पातलं प्राणी अनाथालय परवानगीने चालतं, तिथे सांभाळणारी अनुभवी माणसं आहेत. ते उदाहरण आपल्या घरच्या डब्याला लागू होत नाही.

अजगर की घोणस?

घोणस (काही भागात परड म्हणतात) हा जहाल विषारी साप. तो अंडी घालत नाही, थेट पिल्लं देतो. ही पिल्लंही उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाळ्याच्या सुरुवातीलाच दिसतात. म्हणजे अजगराची आणि घोणसाची पिल्लं एकाच हंगामात, एकाच वावरात असू शकतात. घोणसाच्या पिल्लाला जन्मापासून विष असतं. 'लहान आहे, काय करणार' हा विचार जिवावर बेतू शकतो.

दोघांत फरक असा :

– अजगराच्या अंगावरचे डाग वेडेवाकडे, नकाशातल्या तालुक्यांसारखे. घोणसाच्या अंगावर गोल किंवा लांबट ठिपक्यांच्या तीन रांगा, साखळीसारख्या ओळीत.

– अजगराच्या डोक्यावर भाल्याच्या टोकासारखी खूण. घोणसाचं डोकं तिकोनी, मान बारीक.

– अजगराची कातडी गुळगुळीत, चमकदार. घोणसाची खरबरीत.

हा फरक फक्त माहितीसाठी. चिखलाने माखलेलं किंवा गवतात अर्धं दिसणारं पिल्लू ओळखताना कोणीही चुकू शकतो. आवाजावरूनही ठरवू नका. घोणस कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कारतो, पण अजगरही फुत्कारतो. म्हणून नियम एकच : ओळखता आला तरी आणि नाही आला तरी, हात लावायचा नाही.

घरात ठेवलं तर पिल्लाचं काय होतं?

परदेशात बॉल पायथनचं पिल्लू पाळणाऱ्याला काय काय करावं लागतं ते बघा. पेटीची एक बाजू ३१ ते ३३ अंश गरम, दुसरी २५ ते २७ अंश थंड. हवेतला ओलावा ६० टक्क्यांच्या आसपास. तापमान राखायला थर्मोस्टॅट. लपायला दोन जागा, एक गरम बाजूला, एक थंड बाजूला. पाच-सात दिवसांनी एकदा त्याच्या अंगाच्या जाडीएवढा उंदीर. खाल्ल्यावर दोन दिवस त्याला उचलायचं नाही, नाहीतर खाल्लेलं ओकतो. एवढं करूनही घाबरलेलं पिल्लू कित्येक आठवडे काहीच खात नाही. आणि हे सगळं वीस-तीस वर्षं करायचं, कारण हा साप तेवढा जगतो.

आपल्याकडे चंद्रपूरचा पारा उन्हाळ्यात ४६-४७ अंशांवर जातो. टिनाच्या घरात, प्लास्टिकच्या डब्यात पिल्लू काही तासांतच मरू शकतं. साप स्वतःचं अंग थंड करू शकत नाही. त्याला सावलीत, बिळात, पाण्यात सरकावं लागतं, आणि डब्यात ती सोय नाही.

नागपंचमीच्या दिवसांत लोक सापाला दूध पाजायला जातात. साप दूध पीत नाही, त्याला ते पचत नाही. उपाशी, तहानलेल्या सापाच्या तोंडात दूध ओतलं तर ते फुफ्फुसात जाऊन तो मरतो.

शिवाय सापाच्या अंगावर आणि विष्ठेत साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. घरातल्या लहान लेकरांना त्यापासून जुलाब आणि ताप होऊ शकतो. साप हाताळलेल्या माणसाने हात साबणाने धुतलेच पाहिजेत.

पिल्लू दिसलं तर काय करायचं?

१. शेतात किंवा जंगलालगत दिसलं तर त्याला जाऊ द्या. पाच-दहा मिनिटांत ते आपोआप आडोशाला जातं. तुमच्या धानाला लागणारे उंदीर खाणारा तो साप आहे.

२. घरात, गोठ्यात किंवा कोंबड्यांच्या खुराड्यात शिरलं असेल तर लेकरं, कुत्री, कोंबड्या बाजूला करा. लांबून नजर ठेवा. काठीने डिवचू नका.

३. वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा. जागा, गाव, तालुका नीट सांगा. लांबून फोटो काढता आला तर काढा, फोटोसाठी जवळ जाऊ नका.

४. एटापल्ली, भामरागड, सिरोंचाकडे पावसाळ्यात नेटवर्क जातं. म्हणून आपल्या बीटच्या वनरक्षकाचा, वनपालाचा आणि पोलीस पाटलांचा नंबर आजच मोबाईलमध्ये टाकून ठेवा.

५. सर्पमित्राला बोलवायचं तर वन विभागाकडे नोंद असलेल्यालाच. पकडलेला साप घेऊन खेळ दाखवणारा, पैसे मागणारा माणूस सर्पमित्र नाही.

६. साप जखमी असेल तर स्वतः हळद, तेल लावू नका. वन विभाग त्याला उपचाराला नेतो. चंद्रपुरात वन्यप्राण्यांसाठी उपचार केंद्र आहे.

मोठा अजगर बकरीचं पिल्लू गिळून पडला असेल तर नुकसान झाल्याचा राग येणं साहजिक आहे. पण त्याला मारलं तर बकरी परत येत नाही आणि गुन्हा मात्र दाखल होतो. फुगलेल्या पोटाने तो जागचा फारसा हलत नाही. वन विभागाला बोलवायला तेवढा वेळ पुरतो.

अंडी सापडली तर?

नांगरताना, बांध फोडताना किंवा जुनं वारूळ खणताना पांढरी, मऊ कवचाची अंडी दिसली तर काम तिथेच थांबवा. अंडी हलवू किंवा फिरवू नका. काही दिवसांनी आतला जीव कवचाच्या एका बाजूला धरून बसतो, अंडं उलटं केलं तर तो मरतो. मादी जवळ असेल तर ती अंगावर येऊ शकते. जागेवर खूण करा आणि वनरक्षकाला कळवा.

आधीच घरी आणलं असेल तर?

भीतीपोटी रात्री कुठेतरी दूर सोडून येऊ नका. अनोळखी जागी पिल्लू वाचेलच असं नाही. वन्यप्राणी ताब्यात आला तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वन अधिकाऱ्याला कळवायचं, असं कायदाच सांगतो. म्हणून उशीर करू नका. वन विभागाची माणसं येईपर्यंत पिल्लू हवेची छिद्रं असलेल्या डब्यात, सावलीत, शांत जागी राहू द्या. खायला काही देऊ नका. पण ते अजगराचंच आहे याची खात्री नसेल तर डब्याचं झाकणही उघडू नका.

साप चावला तर

अजगर चावला तर जखम साबण-पाण्याने धुवा आणि दवाखान्यात जाऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. त्याचे दात आत वळलेले असतात, म्हणून झटका देऊन हात ओढू नका.

कोणता साप चावला हे नक्की माहीत नसेल तर तो विषारी आहे असं समजूनच वागा. १०८ ला फोन करा. चावलेला हात किंवा पाय हलवू नका. दोरी बांधणं, चिरा देणं, रक्त चोखणं, मांत्रिकाकडे नेणं यात वेळ जातो आणि माणूसही जातो. घोणस, नाग, मण्यार आणि फुरसं या चारही सापांवर एकच प्रतिविष चालतं आणि ते सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं. घोणस चावल्याचा संशय असेल तर डॉक्टर रक्त काचेच्या नळीत २० मिनिटं ठेवून ते गोठतं का ते बघतात. म्हणून 'आता बरं वाटतंय' म्हणून लगेच घरी परतू नका.

पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. अशा गावांनी जवळचा दवाखाना कोणता आणि पूर असताना तिथे जायचा रस्ता कोणता, हे आधीच ठरवून ठेवलेलं बरं.

ही माहिती गावच्या ग्रुपवर टाका, आणि साप पकडून रील काढणाऱ्या पोरांना आवर्जून वाचायला द्या.