पत्रांतील ख्रिस्त : मंडळीच्या भांडणांना मिळालेले उत्तर

रविवारच्या पवित्र मिस्सामध्ये तीन वाचने होतात. पहिल्या वाचनात बहुधा जुन्या करारातील एखादी घटना असते. शुभवर्तमानासाठी तर आपण उभेच राहतो. मधल्या दुसऱ्या वाचनाची मात्र उपेक्षा होते. वाचकाने करिंथकरांस किंवा रोमकरांस पत्राचे नाव घेतले की कोणी बाळाला सावरतो, कोणी दानासाठी खिशातली नोट चाचपतो. प्रवचनही बहुतांशी शुभवर्तमानावरच होते, तेव्हा सारा दोष श्रोत्यांच्या माथी मारणे योग्य नव्हे.

याला इतिहासही कारण आहे. महाराष्ट्र व गोवा येथील आपल्या पूर्वजांना ख्रिस्त भेटला तो मुख्यतः कथेतून. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात राशोल येथे छापले गेले, तेही ओवीबद्ध कथाच होते. नाताळचा गोठा, क्रूसाची वाट, पवित्र आठवड्यातील विधी यांनी तीच कथा पिढ्यान्‌पिढ्या मनांवर कोरली. पत्रांचे वाचन दुसऱ्या व्हॅटिकन महासभेपर्यंत (१९६२-६५) मिस्सामध्ये लॅटिन भाषेतच होत असे. शिवाय पत्रांत गोठा नाही, दाखले नाहीत, वादळ शांत करण्याचा प्रसंग नाही. मग त्यांत ख्रिस्ताचे स्थान कोणते?

प्रथम काळाचा विचार करू. नव्या करारात शुभवर्तमाने आधी छापलेली असतात म्हणून ती आधी लिहिली गेली असा समज होतो. वस्तुतः संत पौलाची पत्रे अधिक जुनी आहेत. थेस्सलनीकाकरांस लिहिलेले पहिले पत्र इ. स. ५० च्या सुमाराचे. संत मार्कचे शुभवर्तमान इ. स. ७० च्या आसपासचे. हा काळ केवळ अंदाजाने ठरलेला नाही. प्रेषितांच्या कृत्यांत गल्लियो या रोमन सुभेदारासमोर पौलाला उभे केल्याचा उल्लेख आहे, आणि ग्रीसमधील डेल्फी येथे सापडलेल्या शिलालेखावरून गल्लियोच्या अधिकाराचा काळ इ. स. ५१-५२ हा निश्चित होतो. म्हणजे प्रभू क्रूसावर मरण पावला त्यानंतर अवघ्या वीस वर्षांच्या आत हे लेखन सुरू झाले. त्या पहिल्या पत्रातही पौल येशूला ‘प्रभू’ म्हणतो आणि देवपित्यासह येशूकडेही प्रार्थना करतो. निकेआ महासभेला २०२५ साली १७०० वर्षे पूर्ण झाली. येशूचे देवपण त्या महासभेत बहुमताने ठरवले गेले असे कादंबऱ्यांतून वाचून विचारणारे तरुण आजही भेटतात. त्यांच्या हाती हे छोटे पत्र द्यावे.

परंतु ही पत्रे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. पौल ग्रंथ लिहायला बसला नव्हता. एखाद्या नगरातून निरोप यायचा की अमुक दोघांत बेबनाव झाला आहे, अमुक गट वेगळा बसतो आहे. आणि त्याला उत्तर म्हणून पत्र जायचे. पत्र नेणाराही ओळखीचाच असे. रोमकरांस पत्र किंख्रिया येथील सेविका फिबी हिने नेले असे मानले जाते. (फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ साली अहमदनगर जिल्ह्यातील केंदळ येथे मासिक सुरू केले तेव्हा त्याला ‘निरोप्या’ हे नाव दिले. पुढे ते पुण्याचे बिशप झाले. ते नाव या पत्रांनाही शोभले असते.) आणि नवल असे की, ख्रिस्ताविषयीची सर्वांत उंच विधाने याच भांडणांच्या उत्तरांत येतात.

फिलिप्पै नगराचे उदाहरण घ्या. ही निवृत्त रोमन सैनिकांची वसाहत होती. पुण्याच्या लष्कर भागात निवृत्तीनंतर स्थिरावलेल्या घराण्यांना अशा गावाचे वळण सहज उमगेल : हुद्दा, मानमरातब, कोण कोणाच्या वर. तेथील मंडळीत युवदीया व सुंतुखे या दोन कार्यकर्त्या स्त्रियांचे पटत नव्हते. दोघींनी शुभवर्तमानासाठी पौलाबरोबर कष्ट केले होते, म्हणजे दोघीही चांगल्याच होत्या. चांगल्या माणसांची भांडणे अधिक अवघड असतात. त्यांची नावे पत्राच्या शेवटी येतात, पण उत्तर दुसऱ्या अध्यायातच दिलेले आहे. देवाच्या स्वरूपात असलेल्या ख्रिस्ताने ती बरोबरी धरून ठेवली नाही, स्वतःला रिते केले, दासाचे रूप घेतले, आणि मरणही पत्करले ते क्रूसावरचे. म्हणूनच देवाने त्याला सर्वांहून उंच केले, असा तेथे आशय आहे. हे स्तोत्र पत्राहूनही जुने असावे, मंडळी ते उपासनेत गात असावी, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. क्रूस ही प्रामुख्याने गुलामांची शिक्षा होती. ज्या गावात प्रत्येक जण वरची पायरी शोधत होता, त्या गावात पौलाने शेवटच्या पायरीवर उतरलेला प्रभू दाखवला.

करिंथ येथील दुखणे याहून गंभीर होते. ज्यूलियस सीझरने नव्याने वसवलेले हे बंदराचे शहर नाना देशांच्या माणसांनी भरलेले होते. ख्लोवेच्या घरच्या माणसांकडून पौलाला कळले की मंडळीत तट पडले आहेत : कोणी पौलाचा, कोणी अपुल्लोसाचा, कोणी केफाचा. त्याहून वाईट बातमी प्रभुभोजनाची होती. तेव्हा मिस्साला स्वतंत्र देऊळ नव्हते. एखाद्या संपन्न घरी सारे जमत आणि भोजनासोबत भाकर मोडली जाई. पैसेवाले आपापले जेवण उरकून घेत, काही जण तर मद्याने धुंद होत, आणि ज्यांच्याकडे काही नव्हते ते उपाशीच राहत. या प्रसंगी पौल शेवटच्या भोजनाची हकिकत सांगतो, आणि ती नव्या करारातील सर्वांत जुनी हकिकत ठरली आहे. दर मिस्सामध्ये धर्मगुरूच्या मुखी येणाऱ्या त्या पवित्र शब्दांची पहिली लेखी नोंद आपल्याला मिळाली ती पंक्तिभेदावरील तक्रारीमुळे! पौलाचा निष्कर्ष कठोर आहे. ज्याला भुकेल्या भावाचे शरीर दिसत नाही, त्याने प्रभूचे शरीरही ओळखले नाही. असे भोजन प्रभूचे भोजनच नव्हे.

पंक्तिभेद हा शब्द मी मुद्दाम वापरला. आपल्या देशात त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली आहेत त्यांना आठवेल की, जातिभेद मनुष्याने केलेला आहे हे पटल्यावर त्यांनी सोवळे-ओवळे सोडून दिले, आणि तेही बाप्तिस्मा घेण्यापूर्वीच. याउलट बाप्तिस्मा घेऊनही जात न सोडणारे आपल्यात आहेत. भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलित सबलीकरणाचे धोरण जाहीर केले, त्यात आपल्याच ख्रिस्तसभेत अस्पृश्यता व भेदभाव शिल्लक असल्याचे उघडपणे मान्य केले आहे. पुण्यातील ख्रिस्तसभा परगावच्या माणसांच्या पायावर उभी राहिली. सवाई माधवराव पेशव्यांनी १७९२ साली आपल्या सैन्यातील ख्रिस्ती लोकांसाठी जागा दिली, त्यातून सिटी चर्चचा आरंभ झाला. पुढे गोव्याचे, मंगळूरचे, तमिळनाडूचे, केरळचे आणि नगर जिल्ह्यातील खेड्यापाड्यांचे भाविक येत गेले. ते एका वेदीपुढे येतात हे खरे. पण सोयरीक जमवताना, सणाच्या समितीची नावे ठरवताना काय घडते हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. करिंथकरांस पत्राचा अकरावा अध्याय अशा वेळी वाचायचा असतो.

करिंथकरांचा आणखी एक प्रश्न पुणेकर ख्रिस्ती माणसाला परका नाही. मूर्तीला वाहिलेले मांस खावे की नाही? भाद्रपदात शेजारच्या घरून प्रसादाचे मोदक येतात तेव्हा आपल्या कित्येक घरांत हाच प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातो. ज्ञानी मंडळींचे म्हणणे होते की मूर्तीत काही नाही, तेव्हा खाण्यात पाप नाही. पौल त्यांचे तर्कशास्त्र मान्य करतो आणि तेथेच ख्रिस्ताला उभे करतो. सर्व काही ज्याच्यापासून आहे असा एकच देवपिता, आणि सर्व काही ज्याच्याद्वारे आहे असा एकच प्रभू येशू ख्रिस्त, असा विश्वास तो मांडतो. देव एकच आहे हा यहुद्यांचा रोजचा कबुलीजबाब; त्याच्या आतच पौलाने येशूचे नाव गोवले आहे. पण एवढी मोठी गोष्ट सांगून तो थांबत नाही. तुझ्या ज्ञानामुळे ज्याचा विवेक दुखावतो, त्या दुर्बळ भावासाठी ख्रिस्त मरण पावला आहे, हे तो ज्ञान्याला बजावतो. मूर्तिपूजेत सहभागी होणे त्याला मान्य नाही. पण परधर्मीयाने जेवायला बोलावले तर पुढे वाढलेले चौकशी न करता खावे, आणि हे वाहिलेले आहे असे कोणी सांगितले तर सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नये, असे तो लिहितो. पौलाने नियमांची यादी दिली असती तर आपले काम सोपे झाले असते. त्याने शेजारी बसलेल्या माणसाकडे बोट दाखवले.

इतर पत्रांतही हीच रीत दिसते. कलस्सै येथील लोक अदृश्य शक्तींना, विशिष्ट तिथी व अमावास्यांना भिऊन होते. (हे पत्र पौलाच्या शिष्याने लिहिले असावे असे बरेच अभ्यासक मानतात.) त्यांना सांगितले आहे की दृश्य-अदृश्य सारे ख्रिस्ताच्या द्वारे निर्माण झाले व त्याच्याच ठायी टिकून आहे. साडेसातीच्या धास्तीने पत्रिका घेऊन फिरणाऱ्या कॅथलिक कुटुंबांनी तो पहिला अध्याय वाचावा. इब्री लोकांस पत्राचे वाचक थकलेले होते, काहींनी सभेला येणेच सोडले होते. त्यांना ख्रिस्त महायाजक म्हणून दाखवला आहे : आपल्यासारखाच परीक्षेतून गेलेला, म्हणून आपली दुर्बलता जाणणारा, आणि एकदाच, कायमचे, स्वतःचे अर्पण केलेला.

‘ठायी’ हा शब्द वर आला. ‘ख्रिस्ताच्या ठायी’, ‘प्रभूच्या ठायी’ अशा अर्थाचे शब्दप्रयोग पौलाच्या नावाने असलेल्या पत्रांत दीडशेहून अधिक वेळा येतात. ख्रिस्त हा केवळ होऊन गेलेला गुरू असता तर त्याच्या आठवणीत जगणे शक्य होते. त्याच्या ठायी राहणे शक्य नव्हते. संतवाणीत रुळलेल्या या मराठी शब्दात जागा आणि आसरा दोन्ही आहेत. पुणे जिल्ह्यातच, केडगावच्या मुक्तिसदनात, पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणले. सामान्य बाईमाणसाला कळेल अशी भाषा हा त्यांचा आग्रह होता. १९२२ साली त्यांचे निधन झाले आणि १९२४ साली बायबल प्रसिद्ध झाले. छपाईचे कामही मुक्तिसदनातील स्त्रियांनीच केले. त्या कॅथलिक नव्हत्या, तरी पौलाची पत्रे मराठी घरात नेणाऱ्यांत त्यांचे स्थान फार वरचे आहे.

करिंथकर मात्र लवकर सुधारले नाहीत. इ. स. ९६ च्या सुमारास त्यांनी आपल्या वडीलजनांना पदावरून दूर केले, तेव्हा रोमहून संत क्लेमेंत यांना पुन्हा पत्र लिहावे लागले. त्यांनीही ख्रिस्ताच्या नम्रतेचाच दाखला दिला.

पौलाच्या पत्रांत सर्वांत लहान पत्र फिलेमोनाचे, अवघ्या पंचवीस वचनांचे. त्याचा गुलाम अनेसिम पौलाकडे आला होता. पौल त्याला धन्याकडे परत पाठवतो, पण गुलाम म्हणून स्वीकारू नकोस, प्रिय बंधू म्हणून स्वीकार, आणि त्याने काही बुडवले असेल तर ते माझ्या नावावर मांड, असे लिहितो. क्रूसावर काय घडले हे या पत्रात समजावून सांगितलेले नाही. दुसऱ्याचे देणे स्वतःच्या नावावर घेऊन पौल तेच करतो आहे. फिलेमोनाने काय केले हे पत्रावरून कळत नाही. पुढे, दुसऱ्या शतकाच्या आरंभी, संत इग्नासी रोमला मृत्यूकडे नेले जात असताना त्यांनी इफिसच्या ख्रिस्तसभेला पत्र लिहिले आणि तिच्या बिशपांची मनापासून स्तुती केली. त्या बिशपांचे नाव अनेसिम होते. हा तोच गुलाम, असे जुन्या काळापासून अनेक जण मानत आले आहेत.